हिवाळ्यातले कोर्स फिशिंग: कुठे जायचे आणि केव्हा, हे ठरवण्याची पद्धत

इंग्लंडमध्ये राहून कोर्स फिशिंगचा, म्हणजे सामन आणि ट्राउट सोडून गोड्या पाण्यातल्या इतर माशांच्या गळाच्या मासेमारीचा, नाद लागलेल्या अनेकांचा हिवाळा एकाच कारणाने वाया जातो. सुट्टी शनिवारी असते म्हणून शनिवार ठरतो, उन्हाळ्यात ज्या तळ्यावर हात भरून मासे मिळाले होते तेच तळे ठरते, आणि मग उरलेला सगळा विचार आमिष, दोरीची जाडी आणि गळाचा नंबर यांवर खर्च होतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात हा क्रम उलटा करावा लागतो. आधी मागच्या चार-पाच दिवसांचे हवामान पाहायचे, मग त्या हवामानात कोणता मासा चरेल हे ठरवायचे, मग तो मासा असलेले पाणी निवडायचे, त्यानंतर दिवसातली वेळ आणि सर्वांत शेवटी काठावरची नेमकी जागा. आमिषाचा विचार त्याच्याही नंतर येतो.

याचे कारण साधे आहे. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर उतरते आणि त्याचे पचन मंदावते. उन्हाळ्यात दिवसभर चरणारा मासा पाच-सहा अंशांच्या पाण्यात दिवसातून एखादा तासच तोंड उघडतो, आणि तेही तोंडासमोर काही आले तर. शिवाय हिवाळ्यात मासे पसरून न राहता थव्याने एखाद्या आडोशाला गोळा होतात, त्यामुळे दहा मीटरने जागा चुकली तरी दिवस कोरडा जातो. महाराष्ट्रातल्या धरणांवर गळ टाकण्याची सवय असलेल्यांची इथे हमखास फसगत होते, कारण तिकडे थंडीत मासा मंदावला तरी पाणी चार अंशांपर्यंत कधी उतरत नाही आणि धीर धरून बसण्याचे फळ संध्याकाळपर्यंत मिळू शकते. इथल्या जानेवारीत चुकीच्या जागी धरलेल्या धीराला काहीच फळ येत नाही.

पुढील टप्पे इंग्लंड आणि वेल्समधील नद्या, कालवे आणि लहान तळी यांना लागू पडतात. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

टप्पा १: परवाना, बंद काळ आणि पाण्याची परवानगी

हे काम वर्षातून एकदाच करायचे असते, तरी तपासणी झाली की दंड याच टप्प्यावरून होतो. तेरा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागते. १३ ते १६ या वयोगटासाठी ते विनामूल्य आहे, पण काढावे मात्र लागते. विनापरवाना मासेमारी केल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. हे लायसन्स म्हणजे कुठल्याही काठावर बसण्याची मुभा नव्हे. पाणी ज्या क्लबचे किंवा मालकाचे असेल त्याचे सभासदत्व किंवा दिवसाचे तिकीट वेगळे घ्यावे लागते, आणि नवख्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात कोर्स माशांची मासेमारी बंद असते. म्हणजे नदीचा हिवाळा १४ मार्चला संपतो. बहुतेक तळ्यांना आणि कालव्यांना हा बंद काळ लागू नसतो, तरी काही संरक्षित पाण्यांवर आणि काही क्लबांच्या नियमांत तो असतो.

मासा घरी नेण्याबद्दलही इथेच स्पष्ट झालेले बरे. इंग्लंडच्या नद्यांतून दिवसाला किती आणि किती लांबीचे मासे नेता येतात याचे नियम आहेत. उदाहरणार्थ, ६५ सेंटिमीटरपर्यंतचा एक पाइक, ३० ते ३८ सेंटिमीटरमधले दोन ग्रेलिंग, आणि ठरावीक जातींचे २० सेंटिमीटरपर्यंतचे पंधरा लहान मासे. परंतु यालाही पाण्याच्या मालकाची परवानगी लागते, आणि जवळजवळ सर्व क्लब व तिकिटाची तळी प्रत्येक मासा परत सोडण्याची अट घालतात. कालवणासाठी मासा हवा असेल तर तो बाजारातून आणावा.

टप्पा २: एक नव्हे, तीन पाणी हाताशी ठेवा

ऑक्टोबर संपण्यापूर्वी घरापासून तासाभराच्या अंतरावरची तीन वेगवेगळ्या प्रकारची पाणी निश्चित करावीत: एक नदी, एक कालवा आणि एक तिकिटाचे तळे. प्रकार वेगवेगळे हवेत, कारण एकाच हवामानाचा परिणाम या तिघांवर एकसारखा होत नाही. मुसळधार पावसानंतर नदी आठवडाभर हातची जाते, तेव्हा कालवा चालू असतो. कडाक्याच्या थंडीत कालवा आणि तळे गोठते, तेव्हा वाहती नदी उघडी असते. तीन नद्यांची यादी करून ठेवणारा माणूस पहिल्याच मोठ्या पावसात घरी बसतो.

नदी निवडताना ती कशावर पोसली जाते हे पाहावे. वाय आणि सेव्हर्न यांसारख्या, डोंगराळ भागातून येणाऱ्या नद्या पावसाने झपाट्याने चढतात. टेस्ट आणि इचेन यांसारख्या हॅम्पशरच्या नद्या खडूच्या खडकातल्या झऱ्यांवर चालतात. झऱ्याचे पाणी वर्षभर साधारण दहा-अकरा अंशांचे असते, त्यामुळे कडक थंडीतही या नद्या उगमाकडच्या भागात इतरांइतक्या गार होत नाहीत आणि लवकर गढूळही होत नाहीत. उन्हाळ्यात तिथे ट्राउटवाल्यांचे राज्य असते आणि दर परवडत नाहीत. ट्राउटचा हंगाम संपल्यावर मात्र काही पट्टे ग्रेलिंगसाठी बऱ्यापैकी कमी पैशांत खुले होतात, आणि ज्यांना ते आवाक्यात आहेत त्यांनी ते यादीत घ्यावेतच.

केंब्रिजशर आणि लिंकनशर भागात राहणाऱ्यांची सोय आणखी वेगळी आहे. त्या सपाट प्रदेशातल्या उघड्या जलमार्गांवरचे रोच मासे हिवाळ्यात पाणी निवळू लागले आणि पाणकावळे मागे लागले की थव्यांनी गावांच्या मध्यभागी, होड्यांच्या आणि पुलांच्या आडोशाला येऊन राहतात. रॅमझी, मार्च आणि ईली ही गावे यासाठी मासेमारांना परिचित आहेत. ऑगस्टमध्ये जिथे काहीच लागत नाही अशा गावातल्या धक्क्यावर जानेवारीत ओळीने माणसे बसलेली दिसतात.

कालव्याबाबत एक गोष्ट आधी पाहावी. इंग्लंड आणि वेल्समधील बहुतेक कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या ताब्यात आहेत, आणि लॉक (होड्या चढवण्या-उतरवण्याचे पाण्याचे दरवाजे) व भिंतींच्या दुरुस्तीची मोठी कामे हिवाळ्यातच काढली जातात. त्यासाठी काही पट्ट्यांतले पाणी पूर्णपणे उपसतात. ट्रस्टच्या संकेतस्थळावर या कामांच्या सूचना असतात.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक पाण्यासमोर पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: कोणते मासे आहेत, सर्वसाधारण खोली, हिवाळ्यात फाटक उघडण्याची व बंद होण्याची वेळ, तिकीट कुठे मिळते, आणि मालकाचा फोन. यांपैकी फोन सर्वांत महत्त्वाचा आहे. तळे गोठले आहे का, हे सकाळी सहा वाजता सांगू शकणारा तो एकटाच असतो.

टप्पा ३: मागचे पाच दिवस वाचा, पुढचा एक नव्हे

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात. शनिवारचा अंदाज पाहून जायचे की नाही हे ठरवले जाते, पण पाणी हवेसारखे चटकन बदलत नाही. शनिवारी ऊन पडणार असले आणि आधीच्या चार रात्री शून्याखाली गेलेल्या असल्या, तर शनिवारी पाणी आठवड्यातले सर्वांत गार असेल. उलट, भुरभुर पावसाचा मळकट, कंटाळवाणा दिवस, पण तो सलग तिसऱ्या उबदार रात्रीनंतरचा, म्हणजे हिवाळ्यात मिळणाऱ्या उत्तम दिवसांपैकी एक.

मंगळवारपासून रोजचे किमान आणि कमाल तापमान व वाऱ्याची दिशा एका ओळीत लिहून ठेवावी. शुक्रवारी रात्री ती ओळ वाचताना तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, स्थिरता. पाणी किती अंशांचे आहे यापेक्षा ते दोन-तीन दिवस तसेच आहे का, हे अधिक महत्त्वाचे. सतत पाच अंशांवर असलेल्या पाण्याला मासा सरावतो आणि थोडेफार चरू लागतो. आठवरून एका रात्रीत पाचवर आलेल्या पाण्यात तो तोंड मिटून घेतो. म्हणूनच थंडीच्या लाटेचा पहिला दिवस सर्वांत वाईट असतो आणि चौथा-पाचवा दिवस त्याहून बरा, जरी चौथ्या दिवशी बोटे अधिक गारठत असली तरी.

दुसरी, वाऱ्याची दिशा. नैर्ऋत्येकडून येणारा वारा अटलांटिकवरची उबदार, दमट हवा आणतो आणि ढगांमुळे रात्री पाण्यातली उष्णता टिकते. ईशान्येचा आणि पूर्वेचा वारा कोरडा आणि बोचरा असतो. वारा पूर्वेकडून नैर्ऋत्येकडे फिरल्यानंतरचा दुसरा किंवा तिसरा दिवस मिळाला तर घरातली इतर कामे पुढे ढकलावीत.

तिसरी, बर्फ. पाऊस उबदार असेल तर नदीचे तापमान वाढते, पण वितळलेला बर्फ नदीत आला की ते कोसळते, आणि त्याबरोबर रस्त्यांवर टाकलेले मीठही येते. बाहेर हवा दहा अंशांची, आकाश मोकळे, आणि तरीही नदीवर एकही चावा नाही, याचा उलगडा बहुतेक वेळा वरच्या टेकड्यांवर वितळणाऱ्या बर्फात असतो. अशा दिवशी नदी यादीतून खोडावी.

सावधान: फोनवरील ॲपमध्ये दिसणारे तापमान हवेचे असते. पाण्याचे तापमान काठावरच मोजावे लागते, आणि त्याची रीत टप्पा ७ मध्ये दिली आहे.

टप्पा ४: नदीची पातळी आणि रंग

यादीतल्या नदीचा विचार होत असेल तर एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या इंग्लंडच्या सरकारी संस्थेच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर पाहाव्यात. मोजणी केंद्रांवर दर १५ मिनिटांनी पातळी नोंदली जाते आणि मागच्या पाच दिवसांचा आलेख मिळतो. पाहायचा तो आलेखाचा उतार, आकडा दुय्यम आहे. चढत्या, चहाच्या रंगाच्या नदीत पाने, काटक्या आणि कचरा वाहत असतो, आणि मासा जीव सांभाळण्यात गुंतलेला असतो. पातळी शिखर गाठून उतरू लागली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी ओसरता ओसरता निवळू लागते, आणि नदीवर जाण्याची वेळ ती हीच. पाणी पूर्ण निवळून काचेसारखे झाले, की पुन्हा कठीण दिवस सुरू होतात.

आलेखात रंग दिसत नाही. त्यासाठी काठावर एक सोपी चाचणी करावी. आमिषाच्या डब्याचे पांढरे झाकण दोरीला बांधून, थोडे वजन लावून पाण्यात सोडावे आणि ते दिसेनासे कधी होते ते पाहावे. एक वीतभरात दिसेनासे झाले, तर पाणी फार गढूळ आहे आणि संथ कोपऱ्यात मोठे गांडूळ टाकण्यापलीकडे करण्यासारखे काही नाही. ३० ते ६० सेंटिमीटरांपर्यंत दिसले, तर चब आणि रोच यांच्यासाठी पाणी योग्य आहे. मीटरभर खालचा तळ स्पष्ट दिसत असेल, तर दिवस जवळजवळ सोडून द्यावा आणि सगळी भिस्त संध्याकाळच्या शेवटच्या तासावर ठेवावी.

सावधान: भरून वाहणाऱ्या नदीचा काठ आतून पोखरलेला असतो आणि वरून गवत जसेच्या तसे दिसते. थेम्सवर लॉकपाशी लाल फलक लावलेले असतात. ते होड्यांसाठी असले तरी मासेमारानेही त्यांचा अर्थ घ्यावा. पाणी काठाला लागले असेल तर एकट्याने जाऊ नये, आणि फुगणारे जाकीट अंगात घालावे, पिशवीत ठेवू नये.

टप्पा ५: तापमानावरून मासा ठरवा

पुढचे आकडे ढोबळ आहेत आणि प्रत्येक नदीत थोडे इकडेतिकडे होतात, पण निर्णयाला पुरेसे आहेत. पाणी आठ अंशांच्या वर असेल तर ट्रेंट किंवा सेव्हर्नसारख्या नदीवर बार्बेलचा विचार करता येतो. सहाच्या खाली तो सोडावा. पाच ते आठ अंशांमध्ये रोच, चब, पर्च आणि ब्रीमचे लहान थवे चरतात. पाचच्या खाली गेले, की मोजकेच मासे भरवशाचे उरतात: चब, डेस, ग्रेलिंग आणि पाइक. यांतही चबचा क्रमांक पहिला, कारण काठाला दहिवर पांढरे चढलेले असतानाही तो ब्रेडचा तुकडा उचलतो.

टेंच आणि क्रूशियन यांचा नाद हिवाळ्यात करू नये. मोठ्या कार्पवर अख्खे दिवस घालवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या चिकाटीविषयी आदर बाळगूनही नवख्याने त्यांच्या मागे जाऊ नये. तिकिटाच्या तळ्यांत कार्प आणि क्रूशियन यांच्या संकरातून झालेला एफ-वन नावाचा मासा सोडलेला असतो. तो साध्या कार्पपेक्षा थंडीत अधिक चरतो, त्यामुळे तळ्याच्या मालकाला फोन केला की पहिला प्रश्न हाच विचारावा: तुमच्याकडे एफ-वन आहेत का, आणि असतील तर कोणत्या तळ्यात.

पाइक थंडीत लागतो म्हणून केवळ आमिष बदलून त्याच्या मागे लागणे ही नेहमीची आणि क्रूर चूक आहे. तारेचा लीडर (दोरी आणि गळ यांमधला तारेचा तुकडा), लांब चिमटा, मोठे जाळे आणि मासा ठेवण्याची ओली गादी हे साहित्य नसेल, आणि गळ काढण्याची रीत एखाद्या जाणत्याने प्रत्यक्ष दाखवलेली नसेल, तर पाइकला जाऊ नये.

टप्पा ६: आता पाणी निवडा

आतापर्यंतच्या नोंदी हाताशी असतील तर हा निर्णय दोन मिनिटांत होतो.

सलग उबदार आणि ढगाळ दिवस, नदी ओसरती: नदी. दुसरा विचार नको.

सलग उबदार दिवस, पण नदी फुगलेली: तळे. उथळ तळे लवकर गार होते तसे लवकर उबदारही होते, त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी दोन-तीन उबदार दिवस मिळाले की मीटर-दीड मीटर खोलीची तळी सर्वांत आधी जागी होतात.

कडक थंडी, निरभ्र आकाश, नदीची पातळी कमी आणि पाणी स्वच्छ: चबसाठी झाडाझुडपांची लहान नदी, किंवा ग्रेलिंगसाठी झऱ्याची नदी. तळ्यावर पातळ बर्फ असण्याची शक्यता मोठी असते.

थंडीची लाट नुकतीच सुरू झालेली, पारा रोज उतरतो आहे: शहरातला कालवा किंवा घर. शहराच्या मधोमध इमारतींचा आडोसा असतो, बाहेरच्या उघड्या पट्ट्याच्या मानाने पाणी किंचित उबदार राहते, आणि बांधून ठेवलेल्या होड्यांखाली रोच आणि पर्च थांबतात.

खोल पाणी म्हणजे उबदार पाणी, हा नियम सरसकट लावला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते, त्यामुळे खोल, शांत तलावात वर बर्फ असला तरी तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी टिकते. दीड मीटरच्या तळ्यात मात्र वारा सगळे पाणी घुसळून एकसारखे करतो आणि तळही वरच्याइतकाच गार होतो. डिसेंबरच्या आरंभी खोल तलावात शरदातली ऊब शिल्लक असते म्हणून तो बरा. फेब्रुवारीत तोच तलाव सर्वांत उशिरा तापतो.

तपासणी: पहिल्या पसंतीबरोबर दुसरी पसंतीही आदल्या रात्री ठरलेली असावी, आणि दोन्ही ठिकाणी चालेल असे सामान गाडीत असावे. सकाळी काठावर पोहोचून मग विचार सुरू केला, तर माणूस आळसाने तिथेच बसतो.

टप्पा ७: कोणत्या तासाला

२१ डिसेंबरच्या सुमारास लंडनमध्ये सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि चारच्या आधी मावळतो. एवढ्या लहान दिवसात पहाटेपासून बसण्याची उन्हाळी सवय उपयोगाची नाही. दहिवराच्या सकाळी पाणी सर्वांत गार असते. तळ्यावर आणि उथळ नदीवर साडेदहापर्यंत पोहोचले तरी काही बिघडत नाही. पाणी अर्ध्या-एक अंशाने चढते ते दुपारी बारा ते अडीचच्या दरम्यान, आणि चावे त्याच वेळी येतात.

याला दोन अपवाद आहेत. पाणी काचेसारखे स्वच्छ असेल, तर रोच आणि चब उजेड उतरू लागल्यावर, शेवटच्या तासात हलतात. त्या दिवशी एक वाजता जाऊन अंधार पडेपर्यंत थांबावे. कालव्याचे गणित होड्यांवर असते. पहिली नॅरोबोट (कालव्यावरची लांब, अरुंद होडी) जाण्यापूर्वी पाणी इतके स्वच्छ असते की तळावरची पाने मोजता यावीत, आणि मासा काठाच्या सावलीत दबून असतो. एक-दोन होड्या गेल्या, तळाचा गाळ उठला, पाण्याला किंचित रंग आला, की पुढचा तासभर चांगला जातो. होडी आली म्हणून वैतागून सामान आवरणारे लोक नेमके त्याच वेळी घरी जातात.

तापमान मोजण्याची रीत अशी. साध्या थर्मामीटरला दोरी आणि वजन बांधून तो तळापर्यंत सोडावा, तीन मिनिटे ठेवावा, आणि झटकन वर ओढून अंगाच्या सावलीत वाचावा. पोहोचल्यावर एकदा आणि दुपारी एकदा मोजावे. दुपारचा आकडा सकाळपेक्षा वर असेल तर थांबावे. खाली असेल तर दुसऱ्या पसंतीच्या पाण्याचा विचार लगेच करावा.

टप्पा ८: काठावरची नेमकी जागा

नदीवर वेगवान धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागतात ती रेघ शोधावी. पृष्ठभागावर ती सुरकुतीसारखी स्पष्ट दिसते. मासा संथ बाजूला, रेघेपासून हातभर आत उभा राहतो, म्हणजे ताकद खर्च न करता धारेतून येणारे खाद्य उचलता येते. पाणी जितके जास्त तितकी ही रेघ काठाजवळ सरकते, आणि पुराच्या पाण्यात मासा पायाखाली असताना लोक धारेच्या मध्यावर फेकत राहतात. वळणाच्या आतली बाजू, पुलाच्या खांबामागचा भाग, ओढा मिळतो त्याच्या खालचा डोह या जागा आधी पाहाव्यात. मात्र गोल फिरणारा आणि फेस व पाने साठवणारा भोवरा टाळावा. तो आडोसा दिसतो, पण तिथे तळाशी कुजकी पाने बसलेली असतात.

चबची जागा ओळखणे त्यामानाने सोपे आहे. पाण्यावर ओणवलेल्या विलोच्या फांद्यांना वाहून आलेला पालापाचोळा अडकून तराफ्यासारखे छत तयार होते. मासा त्याच्या खाली असतो. फेक छताच्या आत टाकायची नसते. आमिष छताच्या अलीकडे, धार येते त्या बाजूला मीटरभर अंतरावर बसवले, की वास धारेबरोबर खाली जातो आणि चब बाहेर येतो. अशा जागेपासून दहा पावले मागेच थांबून, वाकून आणि हळू पावले टाकीत जावे, कारण स्वच्छ पाण्यात काठावरचे एक जड पाऊल पुरेसे असते.

तळ्यावर दोन प्रश्न विचारावेत: वारा कोणता आणि ऊन कुठे. वारा नैर्ऋत्येचा आणि उबदार असेल तर तो ज्या काठावर आदळतो तिथे बसावे. पूर्वेचा बोचरा वारा असेल तर त्याला पाठ देणारा, आडोशाचा काठ घ्यावा. डिसेंबरच्या भर दुपारीही लंडनमध्ये सूर्य क्षितिजाच्या जेमतेम पंधरा अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या काठावर झाडे असतील तर त्या बाजूचे पाणी दिवसभर सावलीत राहते आणि उत्तरेकडच्या काठालगतच्या पाण्यावर ऊन पडते. सकाळी तळ्याचा कोणता कोपरा गोठलेला आहे ते पाहिले, तरी सावलीचा हा हिशेब डोळ्यांना दिसतो.

कालव्यावर रुंद जागा शोधाव्यात: होड्या वळवण्याचा खोलगट भाग, मरीनाचे (होड्या बांधण्याच्या तळाचे) तोंड, पुलाच्या अलीकडची-पलीकडची टोके, कायम बांधलेल्या होड्यांच्या रांगा.

सावधान: कार्बनच्या काठीतून वीज वाहते. डोक्यावर विजेच्या तारा असतील तर ती जागा कितीही चांगली असली तरी सोडावी. गोठलेल्या तळ्यावर पाऊल टाकू नये, आणि बर्फ फोडून मासेमारी करण्याआधी मालकाला विचारावे.

टप्पा ९: जागा योग्य होती की खाद्य जास्त झाले?

इथे आमिषाचा उल्लेख एवढ्याचसाठी, की खाद्य जास्त टाकले तर चांगली जागाही वाईट भासते. पाच अंशांच्या पाण्यात मासा दिवसात थोडेच खातो. तेवढे तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत मोफत दिले, तर गळावरचे तो कशाला उचलेल? कालव्यावर एका वेळी दहा-बारा पिंकी (माशीच्या लहान अळ्या) पुरेत. नदीवर मिक्सरमधून भरडून किंचित ओला केलेला पांढरा ब्रेड लिंबाएवढा, आणि पुढचा गोळा मासा मिळाल्यावरच. गळावर ताज्या स्लाइसचा मधला मऊ भाग घ्यावा. तो गळाच्या दांडीवर चिमटीत घट्ट दाबावा आणि टोकाकडचा भाग फुललेला, मोकळा राहू द्यावा.

तपासणी: मासा हातात घेण्यापूर्वी हात आणि गादी पाण्याने ओली करावी. हवा शून्याखाली असेल तर फोटो काढण्याचा मोह आवरावा, कारण ओले कल्ले आणि पर काही क्षणांत गोठू लागतात. गळ पाण्यातच काढून मासा सोडावा.

टप्पा १०: केव्हा उठायचे

चबच्या जागेवर वीस मिनिटांत काही घडले नाही तर पुढच्या जागेवर जावे, पण उठण्यापूर्वी ब्रेडचा एक लहान गोळा मागे टाकून जावे. अशा चार-पाच जागा करून दुपारनंतर त्याच वाटेने परत यावे. सकाळी थंड पडलेल्या जागेवर संध्याकाळी पहिल्याच फेकीला काठीचे टोक वाकते, हे चबबाबत नेहमी घडते. कालव्यावर अर्धा-पाऊण तास द्यावा. तळ्यावर पेग (काठावरची आखून दिलेली जागा) बदलण्याआधी खोली आणि अंतर बदलून पाहावे. उन्हाळ्यात काठालगत लागणारा मासा हिवाळ्यात मध्यावर, उघड्या आणि खोल भागात गेलेला असतो, आणि ऊन चढल्यावर तळ सोडून अर्ध्या पाण्यातही येतो.

शेवटचा तास फिरण्यात घालवू नये. अंधाराच्या तासभर आधी, दिवसातल्या सर्वांत आश्वासक जागेवर स्थिर बसावे, जाळे उघडून हाताशी ठेवावे, डोक्यावरचा दिवा खिशात असल्याची खात्री करावी आणि तो पाण्यावर मारू नये. नदीवर क्लबच्या नियमांनुसार अंधारानंतर थांबता येते का ते तिकिटावर छापलेले असते. तिकिटाच्या तळ्यांची फाटके मात्र हिवाळ्यात अंधार पडताच बंद होतात, तेव्हा सामान आवरायला लागणारी वीस मिनिटे त्या वेळेतून आधीच वजा करावीत.